'मला इंग्रजी येते' या वाक्याचे व्याकरण

'मला इंग्रजी येते' हे वाक्य मराठी बोलणाऱ्याला इतके सरळ वाटते, की त्यात उलगडण्यासारखे काही असेल असे त्याच्या मनातही येत नाही. परंतु हेच वाक्य इंग्रजीत सांगायचे झाले की त्याची सगळी बांधणी मोडून ती नव्याने उभी करावी लागते. मराठीत या वाक्यातले क्रियापद 'इंग्रजी' या शब्दाप्रमाणे चालते. भाषा ही येणारी आणि माणूस हा ती ज्याच्याकडे येते तो, म्हणून तो 'मला' असा चतुर्थीच्या रूपात असतो. इंग्रजीत 'आय नो इंग्लिश' असे म्हणताना जाणणारा माणूस कर्ता होऊन वाक्याच्या तोंडाशी बसतो, क्रियापद त्याच्या मागोमाग येते आणि भाषा कर्म होऊन शेवटी जाते. भूक, तहान, आठवण, आवड, कंटाळा अशा ज्या ज्या गोष्टी माणसाने ठरवून होत नाहीत, त्यांच्या बाबतीत मराठी बहुधा हीच रीत पाळते: मला भूक लागते, मला आईची आठवण येते, मला आंबा आवडतो. जुन्या इंग्रजीतही अशी रचना होती आणि 'मला वाटते' या अर्थाच्या 'मीथिंक्स' या शब्दात तिचा अवशेष शेक्सपिअरच्या काळापर्यंत टिकून राहिला. आजच्या इंग्रजीने मात्र ती जवळजवळ सोडून दिली आहे.

मराठी मुलाच्या इंग्रजीचा विचार येथून सुरू व्हायला हवा, आणि नेमका येथूनच तो फारसा होत नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून सक्तीचे झाले. त्यानंतर पुष्कळ शाळांनी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून शिकवण्याची, 'सेमी-इंग्रजी' या नावाने ओळखली जाणारी वाट धरली, आणि इंग्रजी माध्यमाकडचा ओढा तर गावोगावी पोहोचला. इंग्रजी किती लवकर, किती तास आणि कोणत्या माध्यमातून, यांवर पालकांच्या बैठकांपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. पण पहिलीच्या वर्गात येऊन बसणारे मूल एका भाषेचे संपूर्ण व्याकरण डोक्यात घेऊन येते आणि नवी भाषा ते त्या व्याकरणातूनच ऐकते, या गोष्टीकडे मात्र कमी लक्ष गेले. २०११ च्या जनगणनेत भारतात इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे लोक सुमारे २ लाख ६० हजार होते आणि मराठी नोंदवणारे सुमारे ८ कोटी ३० लाख. म्हणजे या देशातले इंग्रजी हे जवळजवळ संपूर्णपणे शिकून मिळवलेले इंग्रजी आहे आणि ते मिळवणारा जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या एका भाषेच्या उंबरठ्यावरून आत आलेला आहे. तो उंबरठा नाहीच असे समजून शिकवणे ही या विषयातली सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

एकेकाळी ही चूक होत नव्हती, कारण तेव्हा इंग्रजी भाषांतरातूनच शिकवले जाई. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या पुस्तकांवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी नियम, मग दोन्ही भाषांतली वाक्ये, मग मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करण्याचे पाठ, असा या पद्धतीचा क्रम असे. तिचे उणेही स्पष्ट होते: विद्यार्थ्याला अर्ज लिहिता येई, पुस्तक वाचता येई, पण समोरच्याशी दोन वाक्ये बोलायची वेळ आली की जीभ अडखळे. याची प्रतिक्रिया म्हणून युरोपात जिला प्रत्यक्ष पद्धत म्हणतात ती पुढे आली. या पद्धतीत शिकणाऱ्याची भाषा वर्गात आणायचीच नाही. वस्तू दाखवून, कृती करून, चित्रे लावून नव्या भाषेचा अर्थ थेट नव्या भाषेतच पोहोचवायचा. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील देशांची इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद भरली, आणि इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, लवकरात लवकर शिकवावे, दुसरी भाषा वापरल्यास इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशा समजुतींना त्या परिषदेच्या विचारातून मोठे वजन मिळाले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या 'लिंग्विस्टिक इंपीरिअॅलिझम' या ग्रंथात या समजुती एकेक करून तपासल्या आणि त्या भ्रामक ठरवल्या. पण तोपर्यंत त्या शाळांच्या भिंतींत मुरल्या होत्या. वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला म्हणून मुलाला दंड करण्याची प्रथा याच समजुतीची संतती आहे, आणि ज्या भाषेत मूल आईशी बोलते तिच्याबद्दल त्याला अपराधी वाटायला लावणारी ती प्रथा कोणत्याही शैक्षणिक कारणाने समर्थनीय ठरत नाही.

भाषांतर पद्धतीची घोकंपट्टी आणि प्रत्यक्ष पद्धतीची बंदी यांच्यामध्ये तिसरी वाट होती आणि ती दाखवणारी माणसेही होती. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर लिहिताना, बंगाली मुलाची गरज इंग्लंडमधल्या मुलाच्या गरजेहून वेगळी आहे आणि त्याला सर्वांत आधी वाचनाची भाषा हवी आहे, असा विचार मांडला. वेल्समध्ये काम करणारे सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली द्विभाषिक पद्धत मांडली. त्या पद्धतीत शिक्षक नवे वाक्य आधी परक्या भाषेत म्हणतो, त्याचा अर्थ मुलांच्या भाषेत एकदाच सांगतो आणि मग सराव परक्या भाषेतच करून घेतो, त्यामुळे अर्थ समजावण्यात जाणारा वेळ वाचून तो बोलण्याला मिळतो. वेल्समध्येच, जेथे वेल्श ही स्थानिक भाषा इंग्रजीच्या सावलीत जगत आली आहे, केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत लिहिण्याबोलण्याच्या वर्गपद्धतीला नाव दिले. एका मोठ्या भाषेच्या शेजारी आपली भाषा जपणाऱ्यांनाच अशा पद्धती सुचाव्यात, यात योगायोग फारसा नसावा.

दोन भाषा शेजारी ठेवून त्यांच्या रचनेतली साम्ये आणि भेद पद्धतशीरपणे मांडण्याला भाषाविज्ञानात व्यतिरेकी विश्लेषण म्हणतात. व्यतिरेक म्हणजे वेगळेपणा. रॉबर्ट लाडो यांचे 'लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स' हे या विषयावरचे पायाभूत पुस्तक १९५७ साली निघाले. त्यांचे म्हणणे असे, की शिकणारा आपल्या भाषेतल्या सवयी नव्या भाषेत नेतो, म्हणून जेथे दोन भाषा सारख्या आहेत तेथे त्याला सोपे जाईल आणि जेथे त्या वेगळ्या आहेत तेथे अवघड. त्याच वर्षी अशोक रा. केळकर या मराठी भाषावैज्ञानिकाचा मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवरचा अभ्यासलेख 'वर्ड' या अमेरिकेतल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी माणसाच्या इंग्रजीला केवळ 'अशुद्ध' म्हणून न सोडता त्यामागची व्यवस्था शोधण्याचे काम एका मराठी अभ्यासकाने इतक्या लवकर केले होते, ही गोष्ट इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवली जायला हवी.

उच्चारांचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतला 'टी' हा वर्ण उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याला टेकते. मराठीत त्या जागेचा वर्णच नाही: 'त' दातांना टेकून होतो आणि 'ट' जीभ आणखी मागे, टाळूकडे वळवून. मराठी कानाला इंग्रजी आवाज या दोन खणांपैकी एकात टाकावा लागतो आणि तो 'ट'च्या खणात टाकतो, म्हणून आपले टेबल आणि डॉक्टर मूर्धन्य झाले. मग 'थिन' आणि 'दॅट' यांतला आरंभीचा घर्षक आवाज, म्हणजे जिभेचे टोक आणि दात यांच्या फटीतून हवा घासत सोडून केलेला आवाज, रिकाम्या राहिलेल्या 'थ' आणि 'द' या खणांत जाऊन बसतो. उच्चार इंग्रजाचा राहत नाही, पण 'टिन' आणि 'थिन' या शब्दांतला भेद पूर्ण टिकतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. अशा ठिकाणी मुलाला आरशासमोर उभे करून जीभ दातांत धरायला लावण्यात तास घालवण्याचे कारण नाही.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची गोष्ट याहून निराळी आहे. मराठीत 'व' एकच आणि त्याचा उच्चार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो, त्यामुळे इंग्रजीत निराळे असलेले 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे शब्द एक होण्याचा धोका खरा आहे. पण येथे मराठी लेखनाने आपणहून एक उपाय काढलेला दिसतो: आपण व्हिटॅमिन, व्हॅन, व्हायोलिन असे 'व्ह'ने लिहितो आणि वॉटर, वॉर्ड, वायर 'व'ने, आणि बोलतानाही पुष्कळदा तो भेद राखतो. मुलाच्या लिपीतच इतके तयार साधन असताना शिक्षकाने फक्त त्याकडे बोट दाखवायचे असते. 'बॅट' आणि 'बॉल' यांतल्या स्वरांसाठी देवनागरीत रुजवलेली ॲ आणि ऑ ही चिन्हे याच जातीची आहेत.

लक्ष द्यावे लागते ते वेगळ्याच दोन गोष्टींकडे. पहिली म्हणजे स्वरांची लांबी आणि त्यांचा पोत. मराठी लेखनात 'दिन' आणि 'दीन' वेगळे असले, तरी बहुतेकांच्या बोलण्यात त्यांत फरक उरत नाही, आणि म्हणून 'शिप' व 'शीप' ऐकताना मराठी कान सवयीने तो फरक ऐकायचे सोडून देतो. दुसरी गोष्ट आघाताची, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर इतरांपेक्षा जास्त जोर देण्याची. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो, आणि जोर नसलेले स्वर इतके पुसट होतात की ते जवळजवळ ऐकूच येत नाहीत. मराठी माणसाचे इंग्रजी परदेशी श्रोत्याला कळत नाही तेव्हा त्याचे कारण बहुधा हा आघात असतो. आपल्या शाळांत स्पेलिंग पाठ करून घेतले जाते, पण शब्दातला जोर कोठे द्यायचा हे क्वचितच सांगितले जाते.

स्पेलिंगबद्दल मुलांची तक्रार असते की इंग्रजीत लिहिले जाते एक आणि म्हटले जाते दुसरेच. तक्रार रास्त आहे. छपाईमुळे इंग्रजी लेखन पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास स्थिरावत गेले आणि त्याच काळात त्या भाषेतले दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते, त्यामुळे जुने लेखन आणि नवा उच्चार यांची फारकत झाली. मात्र मराठीत लिहावे तसेच म्हटले जाते, ही समजूतही पूर्ण खरी नाही. 'चमचा' आणि 'चहा' या शब्दांत एकच अक्षर दोन वेगळ्या तऱ्हांनी उच्चारले जाते आणि मराठी मुलाला ते कधी खटकलेले नसते, कारण त्याने शब्द आधी ऐकला आणि नंतर वाचला. हे त्याच्या लक्षात आणून दिले की, 'सी' हे अक्षर 'कॅट'मध्ये एक आणि 'सिटी'मध्ये दुसरे कसे, याचे त्याला तितके भय वाटत नाही.

व्याकरणाकडे वळल्यावर तुलनेचा उपयोग आणखी स्पष्ट होतो. मराठी मुलांच्या वह्यांत 'आय हॅड गॉन टू मुंबई येस्टरडे' असे वाक्य हमखास सापडते आणि शिक्षक ते तांबड्या शाईने खोडून 'वेंट' लिहितात. पण मूल चुकले कोठे? 'मी काल मुंबईला गेलो होतो' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. घडून संपलेली आणि आता मागे पडलेली गोष्ट सांगताना मराठी सहज 'गेलो होतो' म्हणते. इंग्रजीत ते रूप दोन भूतकालीन घटनांपैकी आधीची दाखवण्यासाठी राखून ठेवलेले आहे. मुलाने मराठीचा नियम अचूक पाळला आहे आणि त्याला फक्त इंग्रजीची हद्द वेगळी आहे एवढे सांगायचे आहे. हे एकदा नीट सांगितले तर पुढची पन्नास वाक्ये तांबडी करावी लागत नाहीत. 'मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो' यातल्या 'पासून'चेही तसेच: मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' यांना एकच शब्दयोगी अव्यय पुरते, इंग्रजीत आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' असे दोन शब्द लागतात, आणि शिवाय मराठीतला वर्तमानकाळ तेथे चालत नाही.

'हॅव' हे क्रियापद तर मराठी मुलाला मुळातच परके असते, कारण मराठीत 'असणे' आहे, 'जवळ बाळगणे' या अर्थाचे तसे सर्वसाधारण क्रियापद नाही. इंग्रजी जेथे एक 'हॅव' वापरते तेथे मराठी नात्याचा प्रकार पाहून रूप बदलते: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पेन आहे, टेबलाला चार पाय आहेत, तिच्यात धमक आहे. भाऊ 'माझ्याकडे' नसतात आणि पेन 'मला' नसते, हे मराठी मूल न शिकवता जाणते. इंग्रजी शिकताना त्याला हा सगळा सूक्ष्म भेद एका शब्दात गुंडाळावा लागतो, आणि ते गुंडाळणे अवघड वाटले तर त्यात नवल नाही.

इंग्रजीतली उपपदे, म्हणजे नामाच्या आधी येणारे 'ए', 'ॲन' आणि 'द' हे शब्द, मराठीत नाहीत, म्हणून ती मराठी माणसाला कधीच जमत नाहीत असे म्हणतात. शब्द नाहीत हे खरे. पण त्यांमागचा भेद मराठीत नाही हे खरे नाही. 'तिने मुलगा पाहिला' आणि 'तिने मुलाला पाहिले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात कोणी एक मुलगा आहे, बहुधा स्थळ म्हणून पाहायला आलेला. दुसऱ्या वाक्यातला मुलगा बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला आहे. जे काम इंग्रजी 'ए' आणि 'द' यांच्याकडून करून घेते, ते येथे मराठीने 'ला' या प्रत्ययाकडून करून घेतले आणि त्यासाठी क्रियापदाचे रूपही बदलले. मराठीत हा भेद सगळ्या नामांना सर्वत्र लागू होत नाही, सजीव-निर्जीव हाही विचार त्यात मिसळतो. तरी ठरावीक आणि बिनठरावीक यांची जाण मुलाकडे आहे, आणि उपपदांचा पाठ त्या जाणिवेपासून सुरू करता येतो. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ही सुरुवात कितीतरी भक्कम आहे.

याच्या उलट, तुलना अर्धवट केली तर ती नुकसान करते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण 'पॅसिव्ह व्हॉइस' हे आहे. शाळेतल्या मराठी व्याकरणात 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. इंग्रजीच्या तासाला 'पॅसिव्ह' म्हणजे कर्मणी असे सांगितले जाते आणि विद्यार्थी 'रामाने आंबा खाल्ला' याचे 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे करतो. वस्तुतः या मराठी वाक्यात राम ठामपणे कर्त्याच्या जागी आहे. पूर्ण झालेल्या क्रियेच्या भूतकाळात सकर्मक क्रियापदाचा कर्ता 'ने' प्रत्यय घेतो, ही मराठीची आणि तिच्या काही भगिनीभाषांची खासियत आहे आणि तिचे साधे इंग्रजी 'राम एट द मँगो' असेच होते. इंग्रजी 'पॅसिव्ह'शी खरे जुळते ते 'आंबा खाल्ला गेला'. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव मिळाल्याने झालेला हा गोंधळ आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणापासून मराठीच्या वर्णनावर संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणपरंपरांची छाप पडत आली, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात प्रयोगांचा सविस्तर विचार केला. पण तो विचार इंग्रजीच्या तासापर्यंत पोहोचला नाही. इंग्रजी शिकवणाऱ्याला मराठीचे व्याकरण नीट यावे लागते, हे म्हणणे अनेकांना उफराटे वाटेल. तथापि वरील उदाहरण पाहता त्याला पर्याय दिसत नाही.

लाडो यांचा सिद्धान्त मात्र जसाच्या तसा टिकला नाही, हेही सांगायला हवे. 'गो'चे भूतकाळी रूप 'गोएड' असे करणारे मूल मराठी असते तसे जपानीही असते आणि इंग्लंडमध्ये जन्मलेले तीन वर्षांचे मूलही असते. या चुकीत मातृभाषेचा हात नाही, नियम सगळीकडे लावून पाहण्याचा तो बालसुलभ आणि निरोगी प्रयत्न आहे. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली शिकणाऱ्याच्या चुका या त्याच्या मनात घडत असलेल्या व्यवस्थेच्या खुणा आहेत असे दाखवले, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली त्या व्यवस्थेला 'इंटरलँग्वेज', म्हणजे मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या दरम्यानची आंतरभाषा, असे नाव दिले. तेव्हा मातृभाषेने सगळ्या चुका समजत नाहीत. ज्या समजतात त्या मात्र तिच्यावाचून समजत नाहीत.

तुलना हा शब्द आपल्याकडे आणखी एका अर्थाने वापरला जातो आणि त्या अर्थाने तो घातक ठरला आहे. इंग्रजी संपन्न आणि देशी भाषा दरिद्री, इंग्रजी नेमकी आणि मराठी ढिसाळ, अशी उतरंड लावण्यालाही लोक तुलनाच म्हणतात. रचनेकडे पाहणारी तुलना या उतरंडीला जागा ठेवत नाही. 'आम्ही जेवायला जातो आहोत' आणि 'आपण जेवायला जातो आहोत' यांत ऐकणाऱ्याला ताटावर जागा आहे की नाही एवढा फरक आहे, आणि इंग्रजीच्या 'वुई'ला तो दाखवता येत नाही. काका, मामा आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण 'अंकल' या एका शब्दात जमा होतात. दुसऱ्या बाजूने, घडून गेलेल्या क्रियेचा वर्तमानाशी धागा दाखवणारी इंग्रजीची काळव्यवस्था फार तलम आहे, आणि मराठी गद्याला पूर्णविराम, स्वल्पविराम यांसारखी विरामचिन्हे इंग्रजी छापील पुस्तकांच्या सहवासातून मिळाली, ज्यांच्या रुजवणीत मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. मराठीकडूनही इंग्रजीने घेतले आहे: 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून गेला.

शिवाय या दोन भाषा एकमेकींना अगदी परक्या नाहीत. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे सांगितले, आणि पुढे याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक भाषांतल्या, म्हणजे इंग्रजीच्याही घराण्यातल्या, व्यंजनबदलांची संगती लावली. त्या संगतीत मूळचा 'प' हा 'फ' होतो, 'त' हा 'थ' होतो आणि 'द' हा 'ट' होतो. पिता आणि फादर, तीन आणि थ्री, दोन आणि टू, दंत आणि टूथ, दश आणि टेन: पाचवीच्या फळ्यावर ही जोडपी एकाखाली एक लिहिली, तर नियम शोधून काढण्याचा आनंद मुले स्वतः घेतील. परकी म्हणून भीती वाटणारी भाषा दूरची चुलत बहीण निघते, आणि हे सांगायला पंधरा मिनिटे पुरतात.

देशी भाषेचा आधार की थेट इंग्रजी, हा वाद मुंबई इलाख्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. १८४० च्या दशकात शिक्षणमंडळात अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीची बाजू घेतली, तर जगन्नाथ शंकरशेठ आणि गणिताची पुस्तके मराठीत आणणारे कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची. शंकरशेठ इंग्रजीचे विरोधक नव्हते. ज्ञान बहुजनांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या भाषेतून न्यावे लागेल एवढेच त्यांचे म्हणणे होते. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलेला विचार या म्हणण्याला शिक्षणशास्त्राचा आधार देतो. त्यांच्या मते दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या डब्यांत नसतात. परिच्छेदाचा आशय पकडणे, कारण आणि परिणाम ओळखणे, मुद्दा रचणे या क्षमता दोहोंच्या तळाशी एकच असतात, म्हणून पहिल्या भाषेत त्या पक्क्या झाल्या तर दुसरीत त्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. ज्याला मराठीत अर्जाचा मसुदा करता येत नाही, त्याला तो इंग्रजीतही करता येत नाही, आणि याचा दोष इंग्रजीच्या शिक्षकावर टाकून उपयोग नसतो. सेमी-इंग्रजीत मुलाला 'फोटोसिंथेसिस' शब्द पाठ असतो पण हिरवे पान उन्हात काय करते ते कोणत्याच भाषेत सांगता येत नाही, तेव्हा नेमके हेच घडलेले असते.

आतापर्यंतची सगळी चर्चा मराठी ही मुलाची मातृभाषा आहे असे धरून झाली; महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते खरे नाही. मेळघाटातले मूल कोरकू बोलत शाळेत येते, गडचिरोलीतले गोंडी, नंदुरबारमधले भिली. यांतली भिली मराठीच्याच आर्य कुळातली, गोंडी द्राविड कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली आहे, म्हणजे एका राज्याच्या हद्दीत तीन भाषाकुळे नांदतात. अशा मुलासाठी मराठी हीच पहिली परकी भाषा असते आणि इंग्रजी ही परकीतून शिकवलेली परकी. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला दोघांसाठी द्विवचन आहे, आणि 'आम्ही-आपण' हा भेदही आहे; गोंडीत नामांचे लिंगभेद मराठीसारखे तीन नसून पुरुषवाचक आणि इतर असे दोन गट आहेत. गोंडी मूल मराठीत 'ती' आणि 'ते' यांची गल्लत करते आणि पुढे इंग्रजीत 'शी' आणि 'इट' यांची, तेव्हा त्याला मंद ठरवणाऱ्याला त्याचे व्याकरण ठाऊक नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि मराठी शाळांत त्याचा अर्थ बहुधा मराठीतून शिकवणे असा घेतला जातो. मेळघाटात तो अर्थ लागू पडत नाही.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत वाक्ये लिहून शिकवणाऱ्या शिक्षकाला तेथे फळ्यावर तिसरा रकाना आखावा लागतो. 'मला भूक लागली आहे' हे पहिल्यात, 'आय ॲम हंग्री' हे दुसऱ्यात. कोरकू न येणाऱ्या शिक्षकाला तिसऱ्यात काय लिहायचे ते ठाऊक नसते. वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक असते, आणि तो रकाना भरण्यासाठी खडू मुलांच्या हातात द्यावा लागतो.